घरट्याचा फोटो कोणत्या ग्रुपवर? सारसाच्या जिल्ह्यासाठी एक कृती

गोंदिया जिल्ह्यात पाऊस लागून राहिला, रोवणी आटोपत आली की सारसाची जोडी पाणी भरलेल्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठाला गवत-लव्हाळं ओढून घरट्याचा ढीग रचते. अंडी बहुधा दोन. नर आणि मादी महिनाभर आळीपाळीने ती उबवतात. महाराष्ट्रात सारसाची वीण आता जवळजवळ या धानपट्ट्यातच उरली आहे. गोंदियातली ‘सेवा’ ही संस्था आणि वनविभाग गावोगावच्या स्वयंसेवकांना घेऊन दरवर्षी गणना करतात. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यातल्या सारसांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला आहे. त्यामुळे इथे प्रत्येक घरट्याचा हिशेब लागतो.

आज प्रत्येक बांधीच्या धुऱ्यावर कॅमेऱ्याचा फोन आहे. दुपारी काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत चार ग्रुपांवर जातो आणि त्याच्याबरोबर जागाही जाते. मग रविवारी धुऱ्याला मोटारसायकली लागतात, लोक उभ्या धानात उतरतात, पक्षी उठतो आणि अंडी उघडी पडतात. कावळे आणि मोकाट कुत्री तेवढ्याचीच वाट पाहत असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं विचलित करणंही येतं. जवळून फोटो घ्यायला गेलेल्या माणसाला हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

मग फोटो वाटूच नयेत का? माझं उत्तर नाही असं आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. तो प्रकार उघड झाला आणि उच्च न्यायालयापर्यंत पोचला तो व्हिडिओ लोकांत पसरला म्हणूनच. सारसांच्या घटत्या संख्येची २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी होत्या. नोंद आणि फोटो नसतील तर पक्षी कमी झाला हे दाखवणार कसं? फाइल द्यायची, पण ती कुठे ठेवायची, कोणाला दिसू द्यायची आणि तिच्यातलं काय काढून द्यायचं, हे आधी ठरवायचं. त्यासाठीची ही कृती आहे. ती फोटोंना लागू आहे, तशीच व्हिडिओंना, पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिफितींना आणि गणनेच्या तक्त्यांनाही.

पहिली पायरी: फाइलमध्ये कोण कोण आहे ते पाहा

फोटो सारसाचा असला तरी त्यात एकटा सारस नसतो. बांधी कोणाची तरी असते. मागे घर दिसतं, राखणीला बसलेलं पोर दिसतं, ट्रॅक्टरचा नंबर दिसतो. गणनेच्या तक्त्यात शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर आणि गट नंबर एका ओळीत असतात. शिवाय फाइल पाठवणारे तुम्ही स्वतः. तुमचा नंबर, तुमचा कॅमेरा आणि तुमची फिरण्याची वेळही तिच्याबरोबर जाते.

म्हणून ग्रुप शोधण्याआधी शेतकऱ्याला विचारा. घाईत, फोन हातात धरून नको. बसून, त्याच्या बोलीत विचारा. घरात पोवारी बोलत असतील आणि तुम्हाला ती येत असेल तर पोवारीत. तीन गोष्टी स्पष्ट सांगा: भाऊ, हा फोटो अमुक ठिकाणी ठेवणार आहे, तिथे अमुक लोक पाहतील, तुमचं आणि गावाचं नाव लिहू की नको? काही शेतकऱ्यांना नाव यायला हवं असतं. ज्यांनी धानाचं नुकसान सोसून घरटं राखलं, त्यांचा तो हक्कच आहे. काहींना अजिबात नको असतं, कारण मग शेतात माणसं येतात, सरकारी चौकशी मागे लागेल अशी भीतीही असते. दोन्ही उत्तरं सारखीच मान्य करायची. ‘हो’ म्हणाला तरी विणीच्या काळात गावाचं नाव थांबवून ठेवा आणि तसं त्याला सांगा.

दुसरी पायरी: फाइल उघडून तिच्या पोटात काय आहे ते बघा

पुढच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत, म्हणून इथे वेळ द्या.

फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशनची सोय चालू असेल तर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लिहिले जातात. चित्रात ते दिसत नाहीत, फाइलमध्ये असतात. गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवला की खाली तपशील येतो. तिथे नकाशा दिसला तर जागा फाइलमध्ये आहे असं समजा. आयफोनमध्येही फोटो वर सरकवून हेच पाहता येतं. विंडोजच्या संगणकावर फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज आणि तिथून डिटेल्समध्ये जा.

हे आकडे किती नेमके असतात? अक्षांशाच्या दशांश चिन्हापुढे दोनच आकडे ठेवले तर सुमारे एक किलोमीटरचा अंदाज लागतो. पाच आकडे असतील तर हिशेब एका मीटरवर येतो. मोकळ्या शेतात, डोक्यावर झाड नसताना फोन काही मीटरच्या फरकाने जागा सांगतो. एवढ्यात बांधी कोणती तेच नव्हे, बांधीचा कोपराही कळतो.

डीएसएलआर वापरणाऱ्यांना वाटतं आपण सुटलो. बऱ्याच कॅमेऱ्यांत जीपीएस नसतो हे खरं, पण काहींमध्ये असतो. काही कॅमेरे फोनच्या ॲपला जोडलेले असताना फोनकडून जागा घेतात. तारीख आणि वेळ तर सगळेच लिहितात. कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर आणि मालकाचं नाव अनेकदा असतं. व्हिडिओच्या फाइलमध्येही जागा लिहिलेली असू शकते, आणि व्हिडिओ तपासायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

यानंतर डोळ्यांनी पाहा. फाइलमधले आकडे पुसले तरी चित्र बोलतं. धानाच्या शिवारात मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस, शाळेची रंगवलेली भिंत, विजेच्या खांबावरचा नंबर, तलावाच्या पाळीवरचा एखादा ओळखीचा मोह, एवढं गावातल्या माणसाला पुरतं. गोंदियाचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, पाळीवरून आणि झाडांवरून ओळखणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणून चौकट कापा. पक्षी मोठा ठेवा, क्षितिज काढून टाका.

फाइलचं नावही वाचा. गावाचं नाव, ‘घरटे’ हा शब्द आणि शेतकऱ्याचं आडनाव एकाच फाइलच्या नावात बसवलेलं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. नोंद ठेवणाऱ्याला ते सोयीचं असतं, म्हणून ते तसंच पुढे जातं.

तिसरी पायरी: दोन प्रती करा

मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. तिच्यातली जागा आणि वेळ हेच तिचं शास्त्रीय मोल आहे, ते पुसून टाकू नका. ही प्रत घरच्या हार्ड डिस्कवर राहील, आणि गणनेचं काम पाहणाऱ्या माणसाला थेट दिली जाईल.

दुसरी प्रत वाटपाची. विंडोजमध्ये डिटेल्सच्या तळाशी वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा पर्याय असतो. तो वापरला की साफ केलेली वेगळी प्रत तयार होते. आयफोनवर फोटो शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, तिथे लोकेशन बंद करा. शेकडो फाइली असतील तर एक्झिफटूल हे मोफत साधन एका आज्ञेत सगळ्या साफ करतं. कॉलेजातल्या संगणक शिकणाऱ्या पोरांना ते दोन मिनिटांत जमतं, त्यांची मदत घ्या. नाव बदला: ‘सारस, गोंदिया जिल्हा, वर्ष’ एवढं पुरे. तक्ता असेल तर नाव, मोबाइल आणि गट नंबर यांचे रकाने काढून नवी फाइल बनवा. रकाना नुसता लपवला तर समोरचा तो उघडू शकतो.

कॅमेऱ्याचं लोकेशन कायमचं बंद करावं का? नोंद ठेवणाऱ्याने करू नये, असं माझं मत आहे. मूळ प्रतीत जागा हवीच. फक्त वाटपाच्या प्रतीत ती नको.

चौथी पायरी: ग्रुपची पारख

आता ग्रुपकडे या. एखादा ग्रुप किती मोठा, किती नावाजलेला, ॲडमिन किती ज्येष्ठ, हे नंतर. आधी या गोष्टी विचारा: आत कोण येऊ शकतो आणि कोण घेतो? आत न येता बाहेरून काय दिसतं? माझा नंबर कोणाला दिसेल? फाइल मूळ रूपात राहते की बदलते? आणि मी बाहेर पडलो तर माझ्या फाइलींचं काय?

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं असू शकतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. पक्षिनिरीक्षणात नव्याने येणाऱ्या मुलींच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. अनोळखी हजार जणांकडे नंबर जातो आणि मग खाजगीत मेसेज सुरू होतात. म्हणून आधी आपल्या सेटिंगमध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ हे ‘माझे संपर्क’ असं करा. ॲडमिन असाल तर नव्या सदस्याला मंजुरी लागेल अशी सोय चालू ठेवा. आमंत्रणाची लिंक फेसबुकवर किंवा पोस्टरवर छापू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपांच्या लिंका गूगलच्या शोधात सापडत असल्याचं उघड झालं होतं. लिंक एकदा बाहेर गेली असेल तर ती रीसेट करता येते, जुनी मग चालत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते. पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सगळी माहिती जशीच्या तशी पोचते. छायाचित्रकार मंडळी दर्जा टिकावा म्हणून नेमकं हेच करतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं असेल तर फक्त वाटपाची प्रत. संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही, हेही खरं. पण धोका वाटेतला नाहीच, तो हजारांपैकी एकाने पुढे पाठवण्याचा आहे.

टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत सदस्य मावतात. नंबर लपवता येतो, ती सोय चांगली आहे. ती सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन स्वतः लावा. पण ग्रुप सार्वजनिक असेल तर त्यातला मजकूर सदस्य न होताही पाहता येतो. आज आलेला माणूस तीन वर्षांपूर्वीचे घरट्याचे फोटोही चाळू शकतो. ‘फाइल’ म्हणून पाठवलेला फोटो इथेही मूळ माहितीसकट जातो. आणि टेलिग्रामच्या ग्रुपांना व्हॉट्सॲपसारखं दोन टोकांचं कूटबंधन (एंड-टू-एंड एन्क्रिप्शन) नसतं. विणीच्या काळातल्या नोंदींसाठी मी सार्वजनिक टेलिग्राम ग्रुप निवडणार नाही.

सिग्नलमध्ये २०२४ पासून नंबराऐवजी वापरनाव देता येतं आणि नंबर सहसा झाकलेलाच राहतो. पाच-सात जणांच्या गणना चमूसाठी हे मला सगळ्यांत बरं वाटतं. अडचण एकच: गावात ते कोणाकडे नसतं. ज्याच्या शेतात घरटं आहे तोच बाहेर राहिला, तर चमू अपुरा पडतो. त्यावर पुढे येतोच.

फेसबुक फोटोतली जागेची माहिती प्रेक्षकांपर्यंत जाऊ देत नाही, पण खाली कोणीतरी ‘कुठे?’ विचारतं आणि कोणीतरी उत्साहाने गाव लिहून मोकळा होतो. फेसबुकचा ग्रुप निवडताना त्याचा नियम वाचा: विणीच्या जागा सांगण्यावर बंदी आहे का? आणि मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या पोस्टींखालच्या कमेंट चाळून बघा. नियम पाळला जातो की नुसता लिहिलेला आहे, हे तिथे कळतं.

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी मोफत जागा मिळते आणि फोल्डर ठेवायला ते सोयीचं आहे. शेअर करताना दोन पर्याय येतात. ‘लिंक असलेला कोणीही’ निवडलं तर लिंक जिथे जाईल तिथे फोल्डर उघडेल. घरट्याच्या फाइलींसाठी तो निवडू नका. प्रवेश मर्यादित ठेवून एकेकाचा ईमेल घाला आणि त्यांना फक्त पाहण्याचा हक्क द्या. पाहणाऱ्याला फाइल उतरवून घेता येऊ नये अशीही सोय असते. ड्राइव्हवरून फाइल उतरवली की ती मूळ रूपात उतरते, आतल्या जागेसकट, हे विसरू नका.

नोंदींसाठी खास बनलेल्या जागा या सगळ्यांहून बऱ्या. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या अनेक जातींची जागा आपोआप धूसर होते. तुम्हालाही प्रत्येक नोंदीवर ‘धूसर’ किंवा ‘खाजगी’ असं निवडता येतं. धूसर केली की खरी जागा ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी फेकली जाते, म्हणजे आपल्याकडे वीसेक किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात. एवढ्यात गोंदिया तालुक्याचा बराच भाग येईल. पण त्याच दिवशी, त्याच वेळी तिथेच काढलेल्या बगळ्याची नोंद तुम्ही उघडी ठेवली, तर सारसाची जागाही उघडी पडते. फेरीतल्या सगळ्या नोंदी एकसारख्या धूसर करा. ई-बर्डवर नेमकी बांधी न लिहिता जवळच्या मोठ्या, आधीच ठाऊक असलेल्या तलावाच्या नावावर यादी घाला, आणि शेऱ्यात ‘घरटं’ लिहू नका. यादी लोकांना दिसणार नाही अशीही करता येते.

विकिमीडिया कॉमन्स हा वेगळाच प्रकार. तिथे दिलेला फोटो जगात कोणीही, कशालाही वापरू शकतो आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. फोटोत जागा असेल तर ती पानावर नकाशासकट दिसते. मराठी विकिपीडियाला गोंदियाच्या सारसाचे चांगले फोटो मिळावेत असं मला मनापासून वाटतं. तिथे द्या, पण उडत्या थव्याचे किंवा उन्हाळ्यातल्या तलावाचे. घरट्याचे नकोत.

टोरेंटच्या मार्गाने मोठे व्हिडिओ वाटणारेही ग्रुप असतात. तिथे फाइल घेणाऱ्या प्रत्येकाला इतरांचे आयपी पत्ते दिसतात, आणि एकदा सुटलेली फाइल कोणाकोणाच्या संगणकात राहिली ते कधीच कळत नाही. या कामासाठी तो मार्ग सोडून द्या.

पाचवी पायरी: साध्या पक्ष्यावर चाचणी घ्या

ग्रुप निवडला, तरी सारसाची फाइल लगेच टाकू नका. बसस्थानकाजवळ किंवा एखाद्या चौकात, जिथे जागा कळली तरी कोणाचं काही बिघडत नाही, तिथे मैनेचा फोटो लोकेशन चालू ठेवून काढा. तो ग्रुपवर टाका. दुसऱ्याच्या फोनवर उतरवून घ्या आणि दुसऱ्या पायरीत सांगितलं तसं त्याच्या पोटात बघा. जागा दिसली, तर त्या ग्रुपवर मूळ फाइल कधीच जाणार नाही हे पक्कं झालं. मग ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, कोणत्याही खात्यात लॉग-इन न करता, तीच लिंक उघडा. उघडली तर ती साऱ्या जगाला उघडते.

चाचणी सुरू असताना ग्रुपमध्ये काय काय येतं तेही पाहा. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान किंवा पीएम किसानच्या नावाने एपीके फाइली फिरत असतील आणि ॲडमिन त्या काढत नसेल, तर त्या ग्रुपमधून बाहेर पडा. अशी फाइल उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले संदेश आणि बँकेचे ओटीपी चोरले जाऊ शकतात. कोणाचं असं झालंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

सहावी पायरी: बाहेर कोण राहिलं?

गोपनीयतेचा विचार करता करता आपण दार इतकं घट्ट लावतो की ज्याचं घर तोच बाहेर उभा राहतो. नागपूर-पुण्याच्या छायाचित्रकारांना फोटो मिळतात आणि घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच बांधीचा फोटो दिसत नाही. हे मला मान्य नाही. ग्रुप निवडताना शेतकरी त्यात आहे की नाही, हा प्रश्न मी सुरक्षिततेच्या प्रश्नांइतकाच वर ठेवतो. तो असला तर चुकीची पोस्ट पडताच सगळ्यांत आधी त्यालाच खटकेल.

त्यासाठी काही गोष्टी कराव्या लागतात. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क सगळीकडे सारखं नाही, म्हणून एकेक २० एमबीचे फोटो नकोत, लहान केलेल्या प्रती द्या. ग्रुपची भाषा मराठी ठेवा. फक्त इंग्रजी फॉर्म भरून प्रवेश मिळत असेल तर तो फॉर्म मराठीत करून मागा. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला फोटोची छापील प्रत नेऊन द्या. ती प्रत घरात भिंतीवर लागते, पाहुण्यांना दाखवली जाते, आणि पुढच्या वर्षी घरटं दिसलं की निरोप तुमच्याकडे येतो.

फाइली एकाच माणसाच्या खात्यात ठेवू नका. वापरात नसलेलं गूगल खातं २ वर्षांनंतर बंद करून पुसलं जाऊ शकतं. एखादा हौशी तरुण नोकरीसाठी बाहेरगावी गेला, पासवर्ड विसरला, आणि गावच्या कित्येक हंगामांच्या नोंदी गेल्या, असं होऊ देऊ नका. मालकी दोघांकडे असू द्या, दोघं वेगवेगळ्या गावचे. एक प्रत हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क वर्षातून एकदा उघडून बघायची.

सातवी पायरी: वेळ

योग्य ग्रुप, साफ केलेली फाइल, तरीही विणीत टाकू नका. अंड्यातून निघालेलं पिल्लू थोड्याच दिवसांत आईबापामागे चालू लागतं, पण उडायला त्याला तीन महिने लागतात. तोवर ते धानातच असतं. धान कापून झालं, बांध्या कोरड्या पडल्या आणि कुटुंब तलावांकडे सरकलं की मग फोटो द्या. गणनेच्या चमूला मात्र जागेसकट नोंद त्याच दिवशी द्यायची, तिथे उशीर नको. एकच फाइल आज तिघांना पूर्ण आणि डिसेंबरात हजारांना अर्धी मिळेल, अशी ही विभागणी आहे.

थांबायचं कशाला, असं विचारणाऱ्यांना मी पन्नाच्या वाघाची गोष्ट सांगतो. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या रेडिओ कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यावर येत होती, ते खातं उघडण्याचा प्रयत्न झाला, आणि तोही पुण्यातून. तो फसला. पण प्राण्याची जागा दूर बसून शोधणारा माणूस असू शकतो, हे त्या वर्षी देशाला कळलं. आपल्या भागातही नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या वाघांच्या ट्रॅप कॅमेऱ्यांच्या फोटोंना हीच कृती आणखी काटेकोरपणे लावायची: ते फोटो वनविभागाचे, ते कोणत्याच ग्रुपवर द्यायचे नाहीत.

आठवी पायरी: जागा फुटलीच तर

व्हॉट्सॲपवर आपला संदेश सगळ्यांसाठी पुसायला सुमारे दोन दिवसांची मुदत असते. ॲडमिन दुसऱ्याचाही पुसू शकतो, म्हणून आधी ॲडमिनला फोन करा, ग्रुपवर भांडू नका. भांडणात जागेचं नाव आणखी चार वेळा लिहिलं जातं. ड्राइव्हची लिंक असेल तर प्रवेश ‘मर्यादित’ करा, जुनी लिंक बाहेरच्यांना चालणार नाही. फाइल आधीच उतरवून घेतली गेली असेल तर मात्र ती परत येत नाही. अशा वेळी शेतकऱ्याला लगेच कळवा, बीटच्या वनरक्षकाला कळवा, आणि घरट्याजवळ लोक जमू लागले असतील तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. पुढचे आठ-दहा दिवस धुऱ्यावर कोणीतरी असणं बरं. गावातली पोरं हे काम आनंदाने करतात.

जून लागला, गणनेची तयारी सुरू झाली की सगळ्या ग्रुपांची सदस्ययादी एकदा वाचून काढा. ओळखीचे नसलेले नंबर ॲडमिनला विचारा, जुन्या लिंका रीसेट करा, ड्राइव्हवर कोणाकोणाला प्रवेश आहे ते पाहून गेलेल्यांची नावं काढा. शेतकऱ्यांची संमतीही नव्याने घ्या. मागच्या वर्षी ‘हो’ म्हणालेल्याने या वर्षी शेत बटईने दिलं असेल, तर आता विचारायचं ते कसणाऱ्याला. हे सगळं पहिल्या पावसाआधी उरकावं. रोवणी सुरू झाली की गावात कोणाला वेळ नसतो.